बोलक्या भिंती, पण किती?

सूर्यमाला, सांगाडा, आवर्तसारणी... विज्ञानाच्या वर्गाच्या भिंती तक्त्यांनी गच्च भरलेल्या असतात. या 'बोलक्या भिंती' मुलांना खरोखर शिकवतात का?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालवर्गातील २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ शिकवले गेले. तीन सजवलेल्या खोलीत, तीन कोऱ्या भिंतींच्या खोलीत. कोऱ्या खोलीत मुलांचे लक्ष सुमारे २८ टक्के वेळ भरकटले, तर सजवलेल्या खोलीत ३९ टक्के. पाठांवरील प्रश्नांची बरोबर उत्तरे अनुक्रमे ५५ आणि ४२ टक्के होती.

म्हणून सगळे तक्ते उतरवायचे का? तसे नाही. त्या खोलीतील चित्रांचा चालू पाठाशी संबंध नव्हता, शिवाय मुलेही लहान होती. लक्ष आवरण्याची क्षमता वयानुसार वाढते. तरीही एवढे नक्की करता येईल : फळ्याभोवतीची जागा मोकळी ठेवावी. पचनसंस्था शिकवताना तिचाच तक्ता समोर असावा आणि धडा संपला की तो मागच्या भिंतीवर जावा.

भिंतीने जरूर बोलावे. फक्त शिक्षक बोलत असताना मध्ये बोलू नये.