हरमलची मिरची परदेशी विकताना

दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माझी मामी सुकी लाल मिरची मांडून बसते. गिऱ्हाईक येते, एक मिरची मोडून हुंगते आणि विचारते, "कुठली?" मामी सांगते, "हरमलची." मग भाव ठरतो. ऑनलाइन बाजारात मिरची हुंगता येत नाही आणि मामीही समोर नसते. तिची सगळी उत्तरे वस्तूच्या पानाने, म्हणजे लिस्टिंगने, द्यायची असतात. ही साधी गोष्ट कळायला मला एक ऑर्डर गमवावी लागली.

पेडणे तालुक्यातील हरमलच्या या मिरचीला २०२१ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. आता परदेशातले गोवेकरही ती मागवतील, असे मामाला वाटले. सुट्टीत मी डिचोलीहून आजोळी गेले, तेव्हा वाणिज्य शाखेची म्हणून हे काम माझ्यावर आले. मी एका ऑनलाइन बाजारात खाते उघडले, "गोव्याची तिखट लाल मिरची, एक पाकीट" एवढेच लिहिले आणि दिसतील त्या देशांपुढे खुणा केल्या. पंधरा दिवसांत इंग्लंडहून ऑर्डर आली. पाकीट घेऊन पोस्टात गेले, तर निर्यातीचा कोड विचारला. तो आमच्याकडे नव्हता. पैसे परत केले. मामा एवढेच म्हणाला, "बाजारात आजवर कुणाला हात हलवीत परत पाठवले नाही."

त्यानंतर जे शिकले, ते वाचकांपुढे क्रमाने ठेवते.

पहिली गोष्ट घरच्या कागदांची. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड घ्यावा लागतो. तो पॅन क्रमांकावर, ५०० रुपये शुल्क भरून, घरबसल्या मिळतो. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा परवाना हवा, आणि मिरची मसाल्यात मोडत असल्यामुळे मसाला मंडळाकडे निर्यातदार म्हणून नोंदणीही हवी. हे झाले की लहान पार्सल डाकघर निर्यात केंद्रातून पाठवता येते. निर्देशांक लाभलेले नाव अधिकृतपणे वापरायचे, तर उत्पादकाने त्या नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी.

दुसरी गोष्ट मालाच्या आकड्याची. जगातील बहुतेक देशांत सीमाशुल्कासाठी प्रत्येक मालाला एक संकेतांक असतो. त्याचे पहिले सहा आकडे सर्वत्र तेच असतात; पुढचे आकडे ज्याचा तो देश ठरवतो. सुकी अख्खी मिरची ०९०४२१, आणि तीच कुटली की ०९०४२२. पानावर "मिरची" आणि पाकिटात पूड असा घोळ झाला, तर कागद आणि माल जुळत नाहीत.

तिसरी गोष्ट वर्णनाची. आपल्या अंकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी असतात, पण एकातला लेख दुसऱ्यात शब्दशः उतरवला तर वाचवत नाही. लिस्टिंगचेही तसेच आहे. लिस्बनमधल्या गोवेकराला "हरमल" एवढा शब्द पुरतो; जर्मन गृहिणीला तिखटपणा, रंग आणि कोणत्या पदार्थात घालायची हे सांगावे लागते. अमेरिकेत वजन औंसातही द्यावे. शिवाय युरोपीय संघात खाद्यपदार्थाची आवश्यक माहिती गिऱ्हाइकाला खरेदीपूर्वीच आणि त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, असा कायदाच आहे. म्हणजे तिथे पान हेच लेबल होते.

चौथी गोष्ट त्या त्या देशाच्या नियमांची. अमेरिकेत व्यापारी खाद्यमाल पोहोचण्याआधी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवण्यात आली. त्याआधी काढलेले किमतीचे हिशेब निकामी झाले. खाण्याची वस्तू नसली म्हणजे सुटलो, असेही नाही. आमच्या डिचोलीच्या कुंभारांची मातीची भांडी युरोपात विकायची, तर १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमाप्रमाणे युरोपीय संघातील एका जबाबदार व्यक्तीचे किंवा संस्थेचे नाव-पत्ता पानावर लागतो.

शेवटची गोष्ट किमतीची. समजा, माल, वेष्टन आणि टपाल मिळून खर्च १,२७५ रुपये, आणि ऑनलाइन बाजाराचे कमिशन १५ टक्के. मी आधी १,२७५ मध्ये त्याचेच १५ टक्के मिळवून १,४६६ किंमत काढली. पण कमिशन कापले जाते ते विक्रीच्या किमतीवर! हाती १,२४६ उरतात, म्हणजे सुमारे २९ रुपये खोट. १,२७५ ला ०.८५ ने भागले की बरोबर १,५०० येतात. त्यात खर्च भरून निघतो, नफा मात्र अजून धरायचाच आहे. विनिमयाचा दर हलतो, म्हणून प्रत्येक देशाची किंमत वेगळी काढून वरचेवर तपासावी.

आमचा निर्यात कोड आता आला आहे. बाकीच्या नोंदण्या व्हायच्या आहेत. तोवर मिरचीचे पान मी बंद ठेवले आहे. पुन्हा उघडेन तेव्हा सगळे देश एकदम नकोत, एकाच देशापासून सुरुवात करीन.

पेडण्यात आणि डिचोलीत हात कसबी आहेत, माल अस्सल आहे; कागद आणि हिशेब मात्र त्यांना जड जातात. वाणिज्याच्या आपण विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एका शेतकऱ्याचे किंवा कुंभाराचे एक पान जरी नीट करून दिले, तरी वर्गात शिकलेले सार्थकी लागेल. मात्र खुणा करण्यापूर्वी नियम वाचावेत. पान आपण लिहितो, पण त्यावर शब्द जातो तो त्यांचा.