हाताळून पाहावयाचे संग्रहालय

ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननातील अवशेष कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात काचेआड जपले आहेत, आणि ते तसेच जपले पाहिजेत. परंतु ज्याची जिज्ञासा बोटांच्या अग्रांतून जागी होते त्या बालकासाठी निराळीच वास्तू हवी, हे ब्रुकलिनकरांनी १८९९ मध्ये बालसंग्रहालय स्थापून, आणि मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राने १९७९ मध्ये बालविज्ञान उद्यान उघडून ओळखले.

अशी वास्तू कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत उभारावयाची झाल्यास तिचा तपशील परक्या नमुन्यावरून उचलण्याचे कारण नाही. याच नगरीत बाबूराव पेंटरांनी चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वतः घडविला. तेव्हा फटी पाडलेले नळकांडे मुलाने स्वहस्ते फिरवावे, आतील स्थिर चित्रांतला मल्ल जोर काढू लागलेला पाहावा, आणि वेग मंदावताच तो आभास मोडतो हे त्याचे त्यालाच उमगावे. शेजारी मोटेचे चाक असावे, कोल्हापुरी चपलेची वेणी विणावयास चामड्याच्या वाद्या असाव्यात.

आराखड्यास मंजुरी मिळण्यापूर्वी पेठेतील मुलांनाच कच्चे नमुने हाताळू द्यावेत, असा माझा आग्रह आहे. अंदाजपत्रकात इमारतीइतकीच सालोसाल दुरुस्तीची तरतूद हवी, आणि एक सुतार व एक फिटर कायम नेमणुकीवर हवेत.