अल्पायुषी बँडची गाणी कुठे जातात?

निगडी प्राधिकरणात पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा कॉलेजांत जमणाऱ्या बँडचं आयुष्य बहुधा अभ्यासक्रमाएवढंच, फार तर चार वर्षांचं. शेवटच्या वर्षी प्लेसमेंट होतं, गिटारवाला बंगळूर गाठतो, ड्रमर चाकणच्या कंपनीत लागतो आणि बँड संपतो. त्याची हळहळ सगळ्यांनाच वाटते. पण बँड लवकर मोडला म्हणून फारसं बिघडत नाही, असं मला वाटतं. गाणी नीट ध्वनिमुद्रित व्हायच्या आत तो मोडला, तर मात्र सगळंच जातं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात सापडतो. सत्तरच्या दशकात जेमतेम तीन-चार वर्षं तिथे ‘बिग स्टार’ नावाचा बँड होता. अ‍ॅलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स हे चौघे त्यात होते. त्यांच्या संगीताला पॉवर पॉप म्हणतात. ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७मध्ये आपल्या गाण्यांसाठी वापरलेला हा शब्द. बीटल्ससारखी चटकन ओठांवर येणारी चाल, एकात एक मिसळलेले दोन-तीन आवाज, खाली खणखणीत इलेक्ट्रिक गिटार आणि तीन-चार मिनिटांत आटोपणारं गाणं, असा हा प्रकार. ‘बिग स्टार’चा पहिला अल्बम १९७२मध्ये आला. समीक्षकांनी तो उचलून धरला, पण वितरणाचा असा बोजवारा उडाला की दहा हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत. बेल बाहेर पडला. पुढचा अल्बमही दुकानांत नीट पोचला नाही. १९७४मध्ये मुद्रित केलेला तिसरा अल्बम निघाला तो १९७८मध्ये, बँड संपल्यावर. तरीही पुढे आर.ई.एम. आणि रिप्लेसमेंट्ससारख्या बँडनी त्यांना गुरुस्थानी मानलं. हे शक्य झालं ते टेप शिल्लक होत्या म्हणून.

आता मुंबईकडे पाहू. त्याच सुमारास तिथे व्हेल्वेट फॉग, सॅव्हेजेस असे बँड गाजत होते. नाट्यक्षेत्रातल्या आत्माराम आणि डॉ. आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे या दोन्ही बँडमध्ये गायले आणि अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडास उभा केला. म्हणजे कलावंत कमी नव्हते. पण रेकॉर्ड कंपन्यांचं सगळं लक्ष चित्रपटसंगीताकडे होतं. इंग्रजी गाणाऱ्या तरुणांना मोठा आधार उरला तो एका सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेचा. १९७० आणि १९७१च्या स्पर्धांच्या तबकड्या निघाल्या, त्यांत एकेका बँडच्या वाट्याला जेमतेम एखाद-दुसरं गाणं आलं. त्या काळच्या कित्येक बँडचा स्वतःचा असा एक अल्बमही आज हाती लागत नाही. कुणी म्हणेल, ही परकीयांची नक्कलच होती, गेली तर गेली. नक्कल होती, हे खरं आहे. १९७०च्या तबकडीत क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडची गाणी सरळ उचललेली आहेत. पण शेजारीच स्वतः रचलेलीही आहेत. आणि पारशी नाटकावरून स्फूर्ती घेऊन अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा उसन्या साच्यातून केवढी मराठी परंपरा उभी राहिली! कुठली नक्कल पुढे आपली होणार हे त्याच वर्षी कळत नाही. कळायचं असेल, तर ती पुन्हा ऐकायला मिळाली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग काळजी कसली? पण गॅदरिंगला प्रेक्षकांतून काढलेल्या व्हिडिओत गिटार टाळ्यांखाली बुडते, शब्द विरतात, आणि त्यातून एकटा आवाज पुढे वेगळा काढून सुधारणं फार अवघड असतं. याउलट, मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओचे मालक जॉन फ्राय यांनी बेल, हमेल आणि त्यांच्या मित्रांना ध्वनिमुद्रणाचं तंत्र स्वतः शिकवलं, रिकाम्या वेळी स्टुडिओ वापरू दिला. प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर घेण्याची शिस्त त्या पोरांना तिथे मिळाली. आज ते काम एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस आणि दोन बरे मायक्रोफोन यांवर होतं. कॉलेजं गॅदरिंगच्या मांडवावर आणि स्पीकरच्या भाड्यावर पैसे घालतात. त्यातला थोडा वाटा एका बंद, शांत खोलीसाठी काढावा आणि शेवटच्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी ती खोली बँडला आठवडाभर द्यावी.