पायउतार होणारी सेवा

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी वसईतल्या चर्चमध्ये गेलात तर एक विधी पाहायला मिळतो. धर्मगुरू वरचा झगा उतरवतात, कमरेला रुमाल बांधतात आणि ओळीने बसलेल्या बारा जणांचे पाय धुऊन पुसतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पाय धुणे हे तेव्हा घरातल्या गुलामाचे काम होते. पेत्राला ते सोसवेना. गुरूने माझ्या पायांना हात लावायचा नाही, असे त्याने साफ सांगितले. थोड्याच वेळात दगा देणारा यहूदाही त्याच पंगतीत होता, आणि येशूने त्याला वगळले नाही. शतकानुशतके या विधीला फक्त पुरुष बसत. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही बसवण्याची रीतसर मुभा दिली.

विधी संपला की झगा पुन्हा अंगावर चढतो. त्याबरोबर अधिकारही जसाच्या तसा परत चढतो का? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती सेवेचा इतिहास मी हाच प्रश्न मनात ठेवून वाचत आलो आहे. दवाखाने, शाळा, अनाथाश्रम यांची यादी लांबलचक होईल आणि ती आदरानेच वाचावी लागेल. पण आपल्या हातातली सत्ता दुसऱ्याच्या हाती देणारी माणसे त्या यादीत थोडी आहेत.

त्यात पहिले नाव पंडिता रमाबाईंचे. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतच दिल्या होत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ज्या बाईंनी धर्म स्वीकारला त्यांनी धर्माधिकाऱ्यांपुढे मान तुकवली नाही. चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा आक्षेप हिंदुस्थानातल्या बिशपांनी घेतला, तेव्हा त्या संतापल्या. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली केलेली नाही, हा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. नम्रता म्हणजे वरच्यापुढे वाकणे, ही समजूत रमाबाईंच्या आयुष्यापुढे टिकत नाही. त्या वाकल्या त्या खालच्या बाजूला.

१८८९ साली मुंबईत रमाबाईंचे शारदा सदन हे विधवांसाठीचे निवासी विद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळरानावर ‘मुक्ती’ उभी राहिली. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना घातला. घरादाराने टाकलेल्या मुली त्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, आणि ते जुळवून छापणारे हात याच मुलींचे होते. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. पंडितेचे पांडित्य शेवटी दुष्काळातून वाचलेल्या पोरींच्या बोटांतून कागदावर उतरले, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या पदव्यांहून मोलाची वाटते.

या सेवेवरचा आक्षेपही नीट मांडला पाहिजे. १८९३ साली शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वादळ उठले. समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. भाकरीबरोबर धर्म येतो, ही तक्रार नुसत्या द्वेषातून आलेली नव्हती. भुकेल्या माणसाला ‘नको’ म्हणायची मोकळीक कितीशी असते? देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, त्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे अंतर उरतेच. ख्रिस्ती सेवेची खरी परीक्षा इथे आहे, आणि ती परीक्षा बाहेरच्यांनी घेतली म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे अंतर आतून बोचत असावे. मिशनची पगारी नोकरी त्यांनी १९१७ साली सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांत ते गेले, पण दिशा त्यांनी दाखवली होती. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले आणि सांगली-कोल्हापूरकडच्या पिढ्यांना जगवले. तिथल्या वैद्यकीय शाळेने देशी डॉक्टर घडवले, हे त्यांचे अधिक दूरचे पाऊल.

याच वाटेवर खूप पुढे गेले ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९७० साली ते नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. तेव्हा त्या भागात हजार जन्मांमागे सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. खेड्यात नर्स टिकेना, आणि टिकली तरी बाया तिच्याशी मोकळ्या होईनात. मग आरोग्याच्या कामासाठी गावातलीच एक बाई निवडायची असे ठरले. निवडून आलेल्या बायांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि शिकत: जुलाबात मीठ-साखर-पाण्याचे प्रमाण काय, बाळंतपणात हात कसे धुवायचे, मुलाचे वजन घटते आहे हे कसे ओळखायचे. डॉक्टरने आपली विद्या अशी वाटून टाकणे हा स्वतःच्या मानपानावर घाव असतो, आणि आरोळ्यांनी तो आपणहून घातला.

पाण्याचा किस्सा याहून बोलका आहे. कूपनलिका खणायची वेळ आली तेव्हा पाणी लागेल अशा जागा दलित वस्तीत शोधल्या गेल्या. हातपंप तिथे बसला आणि वरच्या आळीतल्या बायांना हंडे घेऊन तिकडे यावे लागले. व्याख्यान कुणी दिले नाही.

नव्वदीच्या दशकात तो बालमृत्युदर तिशीच्या आत आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉ. आरोळे २०११ साली. काम चालू राहिले, कारण ते त्यांच्या एकट्यांच्या हातात उरलेलेच नव्हते. देशोदेशींचे डॉक्टर आणि आरोग्य कार्यकर्ते अजून जामखेडला शिकायला येतात, आणि त्यांना शिकवायला पुढे उभ्या असतात त्या या गावोगावच्या बाया.