काठाचे झाले मैदान

'लिस्ट' हा शब्द आपण रोज ऐकतो. किराणा मालाची लिस्ट, निकालाची लिस्ट. पण मध्ययुगात चिलखत घातलेले घोडेस्वार ज्या मैदानात भाल्यांनी झुंजत, त्या मैदानालाही इंग्रजीत 'लिस्ट्स' म्हणत. यादी कुठे आणि झुंजीचे मैदान कुठे! मग या दोघांचा संबंध काय?

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता काठ किंवा पट्टी. साडीला काठ असतो ना, तसा. मराठीत त्याला किनारही म्हणतात आणि उर्दूत किनारा. पुढे जागेच्या कडेलाही हा शब्द लावू लागले. फ्रेंच भाषेत कुंपणासाठी असाच एक शब्द होता. त्याचीही भर पडली. त्यामुळे झुंजीच्या जागेभोवतीचे लाकडी कुंपण म्हणजे 'लिस्ट्स' झाले आणि मग कुंपणाच्या आतल्या मैदानालाही तेच नाव मिळाले.

हे कुंपण का लागले? बाराव्या शतकात अशा झुंजी मोकळ्या रानात होत. स्वारांच्या टोळ्या शेतांतून एकमेकांचा पाठलाग करत. पिके तुडवली जात, माणसे मरत. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याने ११९४ मध्ये या झुंजींसाठी पाचच ठिकाणे ठरवून दिली आणि भाग घेणाऱ्यांवर शुल्क बसवले. पुढे मैदानाला कुंपण आले. पंधराव्या शतकात समोरासमोर येणारे घोडे आदळू नयेत म्हणून मधोमध आडोसाही उभारू लागले. अशा रीतीने लढाईचा हळूहळू खेळ झाला.

तरीही धोका संपला नाही. १५५९ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच खेळात उतरला. प्रतिस्पर्ध्याचा भाला मोडला आणि त्याची ढलपी राजाच्या शिरस्त्राणात घुसली. दहा दिवसांनी तो मरण पावला.

आता यादीचे कोडे सोपे आहे. कागदाच्या लांब पट्टीवर नावे लिहीत, म्हणून तीही 'लिस्ट'! दोन्ही शब्दांचे मूळ एकच, पट्टी.

आजही एखादा वादात किंवा स्पर्धेत उतरला, की इंग्रजीत तो 'लिस्ट्स'मध्ये शिरला असे म्हणतात. मराठीत आपण म्हणतो, तो मैदानात उतरला. उर्दूतही मैदानच! फारसीतून आलेला हा शब्द आपल्या दोन्ही भाषांनी आपलासा केला आहे. मैदान म्हणताना आपल्याला मोकळी जागा दिसते. इंग्रजांना मात्र तिची सीमा दिसली. सीमा पाळली, तरच झुंजीचा खेळ होतो.