यंत्राच्या पोटातलं यंत्र

पोलादपूर तालुक्यातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: घरात एकच लॅपटॉप, आठ जीबी रॅम, त्यावर विंडोज. कॉलेजचं बरंचसं काम लिनक्सवर चालतं. लॅपटॉप पुसून लिनक्स टाकायला घरचे तयार नाहीत, कारण वडिलांची बिलं आणि बहिणीचा अभ्यासही त्यावरच आहे. मित्र म्हणतात, क्लाउडवर मशीन भाड्याने घे. पण पावसाळ्यात आंबेनळी घाटाकडच्या गावांत वीज आणि रेंज कधी जाईल सांगता येत नाही. मग करायचं काय?

क्लाउड घेऊ नकोस. विंडोजला हात न लावता त्याच लॅपटॉपच्या आत लिनक्सचा दुसरा संगणक उभा कर. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स हा त्यासाठीचा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि एकदा मांडणी झाली की रेंज नसतानाही काम चालतं. क्लाउडवाले महिन्याच्या भाड्याने देतात तेही बहुतेक वेळा व्हर्च्युअल मशीनच असतं. फक्त ते घाटापलीकडे, दुसऱ्याच्या इमारतीत चालतं.

ही कल्पना क्लाउडबरोबर आली असा समज सर्रास दिसतो. ती साठ वर्षं जुनी आहे आणि तिच्या जनकाचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. १९६४ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमचं एक छोटं केंद्र होतं. शेजारच्या एमआयटीने आपल्या नव्या मोठ्या प्रकल्पासाठी आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र निवडलं आणि केंद्रातल्या मंडळींना हाताला काम उरलं नाही. तेव्हा रॉबर्ट क्रीझी आणि लेस कॉमो या दोघांनी त्या वर्षाचा शेवटचा आठवडा एका नव्या प्रणालीचा आराखडा करण्यात घालवला. एक मोठा संगणक अनेकांना वाटून देण्याचे प्रयत्न तेव्हा सगळेच करत होते. या दोघांनी प्रत्येकाला वाटा देण्याऐवजी अख्खा संगणक देऊन टाकायचं ठरवलं. अर्थात, भासमान. १९६७ च्या जानेवारीत सीपी-४० वापरात आली. सिस्टिम ३६० मॉडेल ४० या एका यंत्रावर चौदा संगणक एकाच वेळी चालायचे आणि प्रत्येकाला वाटायचं की यंत्र आपलंच आहे.

महाड-पोलादपूरच्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये. मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत गावचे कितीतरी चाकरमानी राहायचे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पाठ टेकायचा. प्रत्येकाची स्वतःची पेटी, स्वतःची खुंटी. मोरी, नळ, चूल मात्र सामाईक आणि त्यांचा तंटा होऊ नये म्हणून कारभारी नेमलेला. व्हर्च्युअल मशीनमधल्या कारभाऱ्याला हायपरवायझर म्हणतात. फरक एवढाच, की इथल्या भाडेकरूला खोलीत आणखी कुणी आहे याची खबरच नसते. तो नळाला हात लावायला जातो, त्या क्षणी कारभारी त्याला थांबवतो, पाणी स्वतः भरून देतो आणि भाडेकरूला वाटतं आपणच भरलं.

यात एक अट आहे आणि ती १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी गणिती काटेकोरपणे मांडली. सामाईक वस्तूला हात लावणारी प्रत्येक सूचना कारभाऱ्याच्या नजरेतून गेलीच पाहिजे. आपल्या लॅपटॉपमध्ये असते त्या इंटेलच्या एक्स८६ घराण्याची चिप नेमकी इथे नापास होती. पेंटियमच्या सूचनासंचात अशा सतरा सूचना निघाल्या, ज्या कारभाऱ्याला कळू न देता निसटायच्या. त्यातली पॉपएफ तर मोठी फसवी. इंटरप्ट बंद करायला सांगणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला ती नकार देत नाही, तक्रारही करत नाही, तेवढी गोष्ट गुपचूप सोडून पुढे जाते. घरगुती संगणकावर हे जमणार नाही असंच मानलं जात होतं. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने पाहुण्या प्रणालीचा, म्हणजे आपल्या भाडेकरूचा, कोड चालता चालता वाचून त्यातल्या अशा सूचना बदलून टाकायची युक्ती बाजारात आणली. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने चिपमध्येच दुरुस्ती केली.

आता मांडणी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघड. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'डिसेबल्ड' दिसलं तर लॅपटॉप सुरू होतानाच बायॉसमध्ये शिरून ते चालू करावं लागेल. चिपमध्ये सोय असूनही पुष्कळ लॅपटॉपवर ती बंद असते आणि मुलं बिचारी लॅपटॉपच जुना म्हणून सोडून देतात. आठ जीबीपैकी तीन जीबी रॅम आणि दोन कोअर पाहुण्याला दे, त्याहून जास्त नको, नाहीतर विंडोजच गुदमरेल. डिस्क पंचवीस जीबीची आणि 'डायनॅमिक' ठेव, म्हणजे लागेल तेवढीच जागा अडेल. लुबुंटूसारखं हलकं लिनक्स निवड. व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर समज की विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही आधीच कारभारी होऊन बसला आहे. तो बंद केला की वेग वाढतो. आणि कोड पाहुण्याच्याच डिस्कवर ठेव. विंडोजशी सामाईक फोल्डर सोयीचं दिसतं, पण नोडची पॅकेजेस तिथे टाकली की सिमलिंकपाशी अडतात.

हात बसायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे छोटे धडे मराठीत ऐकायला मिळतात. मुळातून समजून घ्यायचं असेल तर आयआयटी मुंबईचेच प्रा. डी. एम. ढमढेरे यांचं ऑपरेटिंग सिस्टिमवरचं पाठ्यपुस्तक आहे, त्यात क्रीझीच्या कामातून पुढे आलेल्या व्हीएम/३७० ची ओळख होते.

'आता कंटेनर आले, व्हर्च्युअल मशीनचे दिवस संपले' असंही तुला कुणी ऐकवेल. विंडोजवर डॉकर लिनक्सचे कंटेनर चालवतो ते आतल्या आत एक व्हर्च्युअल मशीन उभं करूनच.

क्रीझीच्या केंद्राचा एक पराक्रम सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयबीएमची अधिकृत मदार टीएसएस/३६० या दुसऱ्या, अवाढव्य प्रणालीवर होती. ती रखडत गेली आणि केंब्रिजची प्रणाली वापरणाऱ्यांच्या आग्रहावर तगली. पुढे कंपनीने व्हर्च्युअल मेमरी असलेलं सिस्टिम ३७० बनवायला घेतलं, तेव्हा केंब्रिजच्या मंडळींनी जुन्या यंत्राच्या पोटात त्या नव्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी केली आणि खरं हार्डवेअर हाती येण्याआधीच त्याची प्रणाली लिहून, चालवून पाहिली. ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर झाली. अंगणात नसलेल्या संगणकासाठी हातातल्या संगणकावर सॉफ्टवेअर लिहायचं, हेच तर तुला करायचं आहे.

स्नॅपशॉटबद्दल मात्र जपून. मोठा बदल करण्याआधी स्नॅपशॉट घेतला की प्रयोग फसला तरी क्षणात मागे येता येतं, वीज गेली तर 'सेव्ह स्टेट' करून उद्या त्याच ओळीवर बसता येतं. पण स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्कची फाइल गोठते आणि नवे बदल शेजारच्या फाइलमध्ये साठतात. म्हणजे दोन्ही त्याच लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप गेला की दोन्ही जातात. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडच्या घरादुकानांत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं काय काय गेलं ते तिथे कुणाला सांगायला नको. तेव्हा रेंज मिळेल तेव्हा कोड गिटवर चढव आणि अख्खं मशीन ओव्हीए फाइल करून पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या घरी ठेव. बाजारातला पेन ड्राइव्ह पुष्कळदा एफएटी३२ असतो, त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर.

हीच ओव्हीए वर्गातल्या सगळ्यांना देता येते. लिनक्स मुक्त आहे, परवान्याचा प्रश्न नाही, आणि 'माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे का नाही' हा वाद मिटतो. लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडहून फार लांब नाही आणि २०१४ च्या कायद्याने राज्यभरातली महाविद्यालयं त्याला जोडता येऊ लागली. प्रत्येक सत्राच्या प्रयोगांसाठी लागणारं सगळं आधीच बसवलेलं एक मशीन विद्यापीठाने तयार करून पेन ड्राइव्हवर द्यावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. असं मशीन घेताना तुम्ही सगळ्यांनी एकच करा: इम्पोर्टच्या वेळी नवे मॅक पत्ते घेण्याचा पर्याय निवडा, नाहीतर कॉलेजच्या नेटवर्कवर ब्रिज लावताच दोन मशीन एकाच पत्त्यावर भांडत बसतील.