चमकणारे कण आणि पेशींचा हिशोब

कर्करोग संशोधनासाठी आपण देणगी देतो, पण ती जिथे पोचते त्या लॅबमध्ये नक्की चालतं काय, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतं. म्हणून त्यातल्या एका कामाविषयी थोडं.

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ. औषध ही वाढ रोखतंय का, हे बघायचं तर काचेच्या बशीतल्या पेशी किती वेळा दुभंगल्या ते मोजायला हवं. पेशी असतात जवळजवळ पारदर्शक. त्यांना चमकणारे रंग देतात, पण सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर उजेडात ते रंग लवकर विटतात.

इथे उपयोगी पडतात 'क्वांटम डॉट' नावाचे अतिसूक्ष्म स्फटिक, जेमतेम काही नॅनोमीटरचे. गंमत म्हणजे पदार्थ एकच, पण आकार बदलला की रंग बदलतो: लहान कण निळसर-हिरवा, मोठा लाल. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जचे लुई ब्रुस, एमआयटीचे मुंगी बावेंडी आणि रशियात जन्मलेले अलेक्सी एकिमोव्ह यांना त्यासाठी २०२३ चं नोबेल मिळालं. (आपल्या पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनीही नॅनोकणांवर बरीच वर्षं काम केलं, बरं का!) १९९८ मध्ये बर्कली आणि इंडियाना इथल्या दोन गटांनी हे कण जीवशास्त्रात वापरून दाखवले. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ते बेडकाच्या भ्रूणात सोडले, तर बेडूकमासा होईपर्यंत त्यांचा माग काढता आला.

मोजणी कशी होते? वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीसारखी. पेशी दुभंगली की तिच्यातले कण दोन लेकींत साधारण निम्मे-निम्मे वाटले जातात. तीन पिढ्यांनी प्रत्येकीच्या वाट्याला आठवा हिस्सा. चमक किती उतरली त्यावरून पिढ्या कळतात. औषधानंतर चमक टिकली, म्हणजे पेशी दुभंगल्या नाहीत. त्या मेल्या की नुसत्या थांबल्या, त्यासाठी वेगळी चाचणी.

पण एक मेख आहे. यातले बरेच कण कॅडमियमचे, आणि कॅडमियम विषारी. २००४ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दिसलं, की हवा किंवा अतिनील किरण लागले तर कणांतून कॅडमियम सुटतं आणि यकृताच्या पेशी मरतात. झिंक सल्फाइडचं आवरण दिलं तर धोका कमी होतो. म्हणजे वाढ कणांनीच थांबवायची आणि श्रेय औषधाला! ते टाळायला कण घातलेली पण बिनऔषधाची, आणि कणही नसलेली, अशा बशा शेजारी वाढवाव्या लागतात. आपले डॉलर त्या बशांवरही खर्च होतात, आणि ते वाया गेलेले नसतात.